मांडी

"एवढंच? मांडी घालता येते का, ते नाही विचारलंस?" फोनवर काकू म्हणाल्या.

गुडघा बदलून त्यांना वर्ष झालं. माझ्यापुढे न्यू जर्सीतल्या हॉस्पिटलचा सात प्रश्नांचा फॉर्म: सकाळचा ताठरपणा, जिना, खुर्चीतून उठणं, वाकणं... मेडिकेअरला, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याला, ऑपरेशनआधीची आणि नंतर ३०० ते ४२५ दिवसांमधली उत्तरं हवीत, निदान ५० टक्के पेशंटांची. नाहीतर मेडिकेअर हॉस्पिटलला देते त्या दरांच्या वार्षिक वाढीला कात्री. म्हणून हे फोन.

"गौरींची पूजा खुर्चीत बसून केली गं. देवीपेक्षा उंच बसल्यासारखं वाटत होतं."

फॉर्म बनवणाऱ्यांच्या घरी सगळे खुर्चीतच बसत असणार!

वाकताना त्रास? "काहीच नाही," म्हणाल्या. मी तशी खूण केली. गौरींसाठी रकानाच नव्हता. कुठे लिहायचं हे?