थ्रीडी ग्राफ, ईपीएस आणि गायब झालेले ठिपके

ऑफिस बंद करायच्या बेतात होते तेवढ्यात उसावर पीएचडी करणारी एक मुलगी उघडा लॅपटॉप हातात धरूनच आत आली. मॅडम, जर्नलवाल्यांनी आकृती परत पाठवलीय, उद्यापर्यंत व्हेक्टर फाइल (म्हणजे ठिपक्यांचा फोटो नाही, रेषा आणि आकार म्हणून साठवलेलं चित्र) मागतायत, आणि मी तर पीडीएफच दिली होती हो! रडवेली झाली होती बिचारी.

पीडीएफ झूम केली तर अक्षरांच्या कडा पायऱ्या पायऱ्यांच्या दिसायला लागल्या. म्हणजे आत सरळ फोटोच होता. आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेतल्या आरजीएल या थ्रीडी ग्राफच्या पॅकेजमध्ये माउसने फिरवून छान अँगल लावलेला, त्याचा स्नॅपशॉट काढला, वर्डमध्ये टाकला आणि पीडीएफ केलं. एक्स्टेन्शन बदललं म्हणून पिक्सेलच्या रेषा होत नाहीत, हे कोणी सांगतच नाही पोरांना, याचा मला खरंच राग येतो.

मग आरजीएलमधूनच ईपीएस (पोस्टस्क्रिप्ट भाषेत लिहिलेली व्हेक्टर फाइल) काढून बघितली आणि खरी गंमत तिथे झाली. ग्राफ होता नत्र आणि पाणी यावर उत्पादनाचा, मॉडेलचा पृष्ठभाग अर्धपारदर्शक निळा आणि शेतातल्या प्रत्यक्ष प्लॉटमधली उत्पादनं लाल ठिपके. ईपीएसमध्ये पृष्ठभाग ठार अपारदर्शक झाला आणि खालचे सगळे ठिपके गायब! पोस्टस्क्रिप्टला पारदर्शकता कळतच नाही. आणि ते खालचे ठिपके म्हणजे तर मॉडेलने जास्त अंदाज दिलेले प्लॉट, ते गेले तर मॉडेल आहे त्याहून चांगलं दिसतं, हे मला अजिबात चालणार नव्हतं. शिवाय पृष्ठभागाची ग्रिड २०० बाय २०० बिंदूंची, म्हणजे ३९,६०१ चौकोन, फाइल उघडायलाच कंटाळा करत होती.

स्क्रीनवर कसं, प्रत्येक पिक्सेलला पुढे काय मागे काय याचा हिशोब ग्राफिक्स कार्ड ठेवतं. व्हेक्टर फाइलमध्ये तसं काही नसतं, जे नंतर काढलं ते वर, बस. मग तो क्रम आपणच लावायचा. थ्रीडी पृष्ठभाग काढणारं आरचं जुनं पर्स्प फंक्शन घेतलं, ग्रिड ४० बाय ४० केली. आधी नुसता अक्षांचा रिकामा डबा काढला, पर्स्प जो ४ बाय ४ मॅट्रिक्स परत देतं तो ट्रान्सथ्रीडीला (थ्रीडी बिंदू कागदावर कुठे पडेल ते सांगणारं फंक्शन) देऊन पृष्ठभागाखालचे ठिपके टाकले, मग त्याच जागी अर्धपारदर्शक पृष्ठभाग, मग वरचे ठिपके. पीडीएफला १.४ आवृत्तीपासून पारदर्शकता चालते, त्यामुळे खालचे लाल ठिपके निळ्यातून फिके का होईना पण दिसले, आणि ती एकदम ओरडलीच, मॅडम आले!

बॉर्डर काढून टाकली तर चौकोनांमध्ये केसासारख्या पांढऱ्या फटी दिसायच्या (फाइलमध्ये त्या नसतात, व्ह्यूअर कडा गुळगुळीत करतो त्यामुळे दिसतात). बॉर्डरला पृष्ठभागाचाच रंग दिला तर पारदर्शक रंग एकावर एक चढून गडद जाळी. शेवटी बारीक राखाडी रेषा मुद्दामच ठेवल्या, त्याने उतारही नीट वाचता येतो. माझ्या मते साधा कंटूर प्लॉट (नकाशावरच्या समोच्च रेषांसारखा सपाट ग्राफ) याहून स्पष्ट झाला असता, पण तिच्या गाइडना थ्रीडीच हवं होतं.

अपलोड केलं तर सिस्टीमने परत अडवलं, फॉन्ट एम्बेड नाही, म्हणजे फाइलच्या आत भरलेला नाही म्हणे. आरचं पीडीएफ हेल्व्हेटिका हा त्याचा नेहमीचा फॉन्ट आत भरत नाही, नुसतं नाव लिहितं. घोस्टस्क्रिप्ट हे सॉफ्टवेअर टाकलं, त्याच्या मदतीने फॉन्ट आत भरणारं आरचं एम्बेडफॉन्ट्स फंक्शन चालवलं, आणि मग एकदाची फाइल घेतली त्यांनी. ती कोड स्वतःच्या फोल्डरमध्ये कॉपी करत बसली, म्हणाली लॅबमध्ये अजून दोघींचं हेच अडलंय.