आमची वाटचाल : न पिवळा लिंबू केक

केकला लिंबाचा पिवळा रंग येत नसतो, हे आधीच सांगून टाकते. चार कागदी लिंबांची साल किसून घातली तरी केक आतून बलकाच्या रंगाचाच राहतो, आणि हे वाक्य मी 2009 पासून मिरजेत दर आठवड्याला कुणाला ना कुणाला ऐकवतेय, आताशा मुलगी पाठीमागून माझी नक्कल करते.

सुरुवात मी आणि धाकट्या जावेनं केली. केक शिकवला शेजारच्या सिस्टरनी, मिशन हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या. हत्यारं म्हणजे एक गोल ओव्हन, वर काच असलेला, चक्रीचा हँड बीटर आणि आल्याची किसणी. लोडशेडिंगचं वेळापत्रक फ्रीजला चिकटवलेलं असायचं आणि त्याप्रमाणे अंडी फोडायची, कारण एकदा केक अर्धा फुगलेला असताना लाईट गेली की तो खाली बसतो तो बसतोच. सिस्टरांच्या केकात सोडा नाही, बेकिंग पावडर नाही. चार अंडी आणि 120 ग्रॅम साखर कोमट पाण्यावर ठेवलेल्या पातेल्यात फेटायची, मग खाली उतरवून परत फेटायची, बीटर उचलल्यावर पडणाऱ्या धारेनं आठचा आकडा काढला तर तो लगेच बुडता कामा नये. सगळी हवा तिथेच भरायची असते. मग तीनदा चाळलेला 120 ग्रॅम मैदा, तो त्या बोटं फाकवून हातानंच मिसळायच्या, तळापासून वर, चमचा लावू द्यायच्या नाहीत. शेवटी दोन चमचे पातळ केलेलं बटर, बिनमिठाचं. लिंबाची साल मात्र अगदी पहिल्यांदा साखरेत चोळून ठेवायची, साखर ओलसर होऊन वास सुटेपर्यंत, आणि रस पिठात घालायचाच नाही, साखर विरघळवून गरम केकवर ब्रशनं लावायचा. पांढरी साल किसणीला लागली की केक कडू, मग वरून कितीही पाक ओता.

2021 पर्यंतचं सांगण्यासारखं काही नाही. मोठा ओव्हन आला, 100 रुपये भरून फूड लायसनचं रजिस्ट्रेशन केलं, जाऊ गुडघ्यांमुळे फक्त पॅकिंग बघायला लागली, लॉकडाऊनमध्ये धंदा उलट वाढला. चालू होतं.

आमच्याकडे एक मुलगा शिकायला यायचा. दोन महिने आला, काकू काकू करत. मी वजनाकाट्यासकट सगळं दाखवलं, हा माझा मूर्खपणा, नवीन लोकांनी करू नये, शिकवायचं असेल तर वाटीच्या मापानं शिकवा. त्यानं 2022 च्या जानेवारीत चार गल्ल्या सोडून दुकान टाकलं, पाटीवर ‘जुन्या पद्धतीचा लिंबू केक’. आत प्रीमिक्स, इसेन्स आणि हळदीच्या डब्यात बुडवून काढल्यासारखा रंग. विकायचा 180 रुपये अर्धा किलो, आमचा 260. लोक खाऊन येऊन मला सांगायचे, वहिनी, त्याच्यात लिंबू जास्त लागतं! इसेन्स नाकात जातो हो, लिंबू जिभेला मागून कळतं, पण हे दारात उभं राहून किती जणांना सांगणार.

आणि मग एप्रिल आला. त्या वर्षी लिंबू कसं झालं होतं ते सगळ्यांना आठवत असेल, एकेक दहा रुपयांना, निवडून घेऊ देत नव्हते. मला अर्ध्या किलोला चार लागतात. एरवी आठ-दहा रुपयांत भागायचं तिथे चाळीस. त्यात मी मार्चमध्येच एका केटररची मेपर्यंतची ऑर्डर जुन्या भावात घेऊन बसलेले, ॲडव्हान्स संपलेला. (मार्चमध्ये उन्हाळ्याचा भाव कधीच बांधून देऊ नका, मग लिंबू असो नाहीतर आंबा.) त्या मुलाला महागाईची झळच नाही, त्याची बाटली तेवढीच. मेच्या पहिल्या आठवड्यात केटररनं सांगितलं, पुढची ऑर्डर तिकडे देतो, पिवळा केक ताटात दिसायला बरा दिसतो. त्या रात्री जाऊ म्हणाली, वहिनी, दोन थेंब रंग टाकूया ना, कोण विचारतंय. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. खरं सांगायचं तर रंगाची बाटली आणली होती, ड्रॉवरमध्ये होती, मीच आणली होती.

टिकलो ते रेल्वेतून रिटायर झालेल्या एका काकांमुळे असं मी म्हणते, जाऊ म्हणते असं काही नाही. दर शनिवारी साडेपाचला अर्धा किलो, डबा घरचा, धुऊन पुसून आणलेला. त्या मेमध्ये डब्यातून परसातल्या झाडाची बारा लिंबं घेऊन आले. मी गहिवरले, तर म्हणाले, चार माझ्या केकला, आठांचे पैसे बिलातून वजा करा, बाजारभावानं. ऐंशी रुपये वजा करून घेतले! पण पुढच्या शनिवारी त्यांच्या ओळखीच्या तिघांची ऑर्डर आली, त्यातल्या दोघांचीही झाडं निघाली, आणि जून तसाच झाडांवर निघाला.

तो मुलगा आता पिझ्झा विकतो. बोर्ड तोच आहे, ‘जुन्या पद्धतीचा’ अजून पुसलेलं नाही, येता-जाता दिसतं.

घरी करणार असाल तर लिंबू हिरवट-पिवळं घ्या, फार पिकलेल्याची साल किसणीवर फाटते. 170 वर साधारण अर्धा तास, पहिली पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही, वास आला तरी नाही. आणि केकचा टिन कुणाला उसना देऊ नका, पोचे पडून परत येतो. ऑर्डर दोन दिवस आधी सांगा, शनिवारचा साडेपाचचा केक सोडून.