पायाची माती: खड्ड्यातला ब्रास आणि ट्रॉलीतला ब्रास

सोलापुरात पाया खणायला घेतला की दोन व्यवहार एकदम सुरू होतात. काळी माती घालवायची आणि मुरूम आणायचा. बहुतेक वेळा दोन्ही कामं एकाच ट्रॅक्टरवाल्याकडे जातात आणि सगळा हिशेब ‘खेपा’ या एका शब्दावर चालतो. पैसा जातो तो तिथेच.

ब्रास म्हणजे १०० घनफूट, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण जमिनीत दाबून बसलेली माती बाहेर काढली की फुगते. काळी माती साधारण ३० टक्के, मुरूम २५ टक्क्यांच्या आसपास, आणि फोडलेला कातळ ५० टक्के किंवा त्याहून जास्त. म्हणजे खड्ड्यातला १ ब्रास ट्रॉलीत सव्वा ते दीड ब्रास होतो. खणाईचे पैसे खड्डा मोजून द्यायचे आणि वाहतुकीचे ट्रॉली मोजून. दोन्हीकडे एकच आकडा लावला की कोणाचं तरी नुकसान ठरलेलं.

जुळे सोलापूरकडच्या एखाद्या ३० बाय ४० च्या प्लॉटचा हिशेब मांडू. कॉलम १२, फुटिंग म्हणजे कॉलमखालचा रुंद पायथा ५ बाय ५. शटरिंगला (काँक्रीट ओतायच्या साच्याला) आणि माणसाला वावरायला जागा लागते म्हणून खड्डा ६ बाय ६, खोली ६ फूट. वरचे ४ फूट काळी माती आणि खाली २ फूट मुरूम लागला असं धरू. एका खड्ड्यात काळी १४४ घनफूट, मुरूम ७२. बारा खड्ड्यांची काळी माती १७.३ ब्रास, मुरूम ८.६ ब्रास, मिळून २६ ब्रासला जरा कमी. फुगवटा धरला की बाहेर पडलेली काळी माती २२.५ ब्रास आणि मुरूम पावणेअकरा. जेसीबीने खड्डा कधीच रेखीव येत नाही, कडा ढासळतात, म्हणून वर १० टक्के धरून ठेवा.

आता ट्रॉली. ‘एक ब्रासची ट्रॉली’ हा शब्द ऐकला की टेप काढायची. आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि दीड फूट उंच असेल तर ती ९० घनफुटांचीच आहे. मग २२.५ ब्रासला २५ खेपा होतात, बावीस-तेवीस नाहीत. मुरूम आत येताना हीच ट्रॉली एक ब्रास म्हणून मोजली जाते, हेही लक्षात ठेवा.

परत भरायला किती लागेल? बेड काँक्रीट (तळाचा थर), फुटिंग आणि जमिनीखालचा कॉलम मिळून खड्ड्यामागे साधारण ४७ घनफूट जागा जाते, बारांची ५.६ ब्रास. उरलेले २०.३ ब्रास भरायचे. खणलेला मुरूम वेगळा ठेवला असेल तर त्यातून साडेआठ ब्रास दाबून बसतात. बाकी पावणेबारा ब्रास दाबलेल्या भरावासाठी बाहेरून सुमारे १५ ब्रास सुटा मुरूम आणावा लागतो. प्लिंथची म्हणजे जोत्याची भर याच्यात धरलेली नाही, ती वेगळी.

‘मुरूम वेगळा ठेवला असेल तर’ हीच खरी अट आहे. जेसीबीवाला ढीग एकच करतो, कारण मशीन वळवायला वेळ जातो. काळ्यात मिसळलेला मुरूम भरावाला नालायक होतो. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. प्लिंथमध्ये ती गेली तर दोन-तीन पावसाळ्यांत फरशी उचलते किंवा बसते. वरची काळी एका बाजूला आणि रंग बदलला की दुसऱ्या बाजूला, हे पहिल्या बकेटच्या आधी सांगायचं आणि पहिले दोन खड्डे होईपर्यंत तिथून हलायचं नाही. ढीग खड्ड्याच्या काठापासून किमान ५ फूट लांब ठेवा. जवळ टाकला तर त्याच्या वजनाने कड खाली येते, आणि खाली माणूस असतो.

पेठांमध्ये गोष्ट वेगळी. साखर पेठ, भवानी पेठ अशा जुन्या वस्तीत वरचे काही फूट विटांचे तुकडे, राख आणि खापऱ्या मिसळलेला भराव निघतो. तो शेतातही चालत नाही. गल्लीत टिपर शिरत नाही, ट्रॅक्टरच लागतो.

काळी माती घालवायची सर्वांत चांगली जागा म्हणजे मुरमाड शेत. पण गाळ ओळखणारा शेतकरी आधी विचारतो, वरची का खालची? वरचा फूट-दीड फूट चांगला. खाली चुनखडीचे खडे लागले की घेणारा मागे सरतो. ३ इंचाचा थर द्यायचा तर एका गुंठ्याला पावणेतीन ब्रास लागतात, म्हणजे आपली २२ ब्रास जेमतेम आठ गुंठ्यांची. घेणारे भेटतात एप्रिल-मेमध्ये, रान मोकळं असताना. ज्वारी उभी असताना कोणी ट्रॉली आत घेत नाही.

आपल्याकडे मोठा पाऊस सप्टेंबरात, आणि तेव्हाची खणाई सगळ्यात महाग पडते. ओली काळी माती ट्रॉलीच्या तळाला चिकटते, हायड्रॉलिक पूर्ण वर केला तरी पाव भाग आतच राहतो, आणि पुढची खेप तेवढी कमी भरते. पैसे मात्र पूर्ण खेपेचे. भरण्याआधी तळाला कोरड्या मुरमाचा पातळ थर पसरला तर बरीच सुटते.

जेसीबी तासावर असतो. टाकायची जागा पाच किलोमीटरवर असेल तर एक फेरी पाऊण तासाची. दोनच ट्रॅक्टर लावले तर मशीन बराच वेळ नुसतं उभं राहतं. जागा असेल तर आधी सगळी खणाई उरकून घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या मोठ्या बकेटने भरावं. मागच्या बकेटने जिथे दहा-अकरा वेळा भरावं लागतं तिथे पुढच्याने तीन बकेटमध्ये ट्रॉली भरते.

माती आणि मुरूम ही गौण खनिजं आहेत. त्याच प्लॉटवर पायाला, सपाटीला वापरली तर रॉयल्टीचा, म्हणजे सरकारला भरायच्या शुल्काचा प्रश्न येत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाचा रोख तसाच आहे. गेटबाहेर पडली की मात्र तहसील कार्यालयातून वाहतूक परवाना काढून घ्या. विनापरवाना सापडल्यास जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसू शकतो. आणि ‘कुठे टाकणार?’ हे ट्रॅक्टरवाल्याला आधीच विचारा. नाल्यात टाकली तर पहिल्या पावसात पाणी वस्तीत शिरतं. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर टाकली तर तिथे उद्या बांधणाऱ्याला हा सुटा भराव ओलांडून तेवढं खोल जावं लागतं, म्हणून मालकाची लेखी संमती असल्याशिवाय तिथे ट्रॉली उलटू देऊ नका.