भोसरीतल्या आमच्या शॉपसाठी हजेरीचं मशीन निवडताना

ग्राइंडिंगवर, म्हणजे फिरत्या चाकावर धातू घासून गुळगुळीत करण्यात, आयुष्य गेलेल्या माणसाच्या बोटांवर रेषा फारशा उरत नाहीत. कूलंटने, म्हणजे काम गार ठेवणाऱ्या द्रवाने, कातडी सोललेली असते, व्हीलची धूळ खाचांत बसलेली असते, थंडीत त्यावर भेगा पडतात. आमच्या ग्राइंडिंगच्या मामांनी जुन्या थंब मशीनवर, म्हणजे ठसा ओळखून हजेरी लावणाऱ्या मशीनवर, बोट कितीही वेळा ठेवलं तरी ते 'प्लीज ट्राय अगेन' म्हणायचं. मागे रांग लागलेली, सातचा भोंगा होऊन गेलेला, आणि मामा बोट पँटला पुसून पुन्हा ठेवतायत. शॉपमधला सगळ्यांत कुशल हात, आणि महिनाअखेरीला सगळ्यांत जास्त 'मिस पंच', म्हणजे न नोंदलेल्या वेळा, त्याच नावापुढे.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान इंजिनिअरिंग कारखान्यात टाइम ऑफिस आणि पगार बघते. साठेक माणसं, तीन शिफ्ट. सीएनसी आणि व्हीएमसी ही संगणकावर चालणारी मशीनं, ग्राइंडिंग, डिबरिंग (धातूच्या धारदार कडा साफ करणं) आणि पॅकिंग. जुनं मशीन बदलायचं ठरलं तेव्हा साहेबांनी निवड माझ्यावर सोपवली. मी एकच गोष्ट धरून चालले: ज्याचे तास मोजायचे, त्याला ते मोजमाप त्याच दिवशी दिसलं पाहिजे आणि चुकलं असेल तर बोलता आलं पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

विक्रेते यायचे ते ऑफिसात. टेबलावर मशीन ठेवायचे, स्वतःचा मऊ अंगठा लावायचे, हिरवा दिवा लागायचा. मी प्रत्येकाला सांगितलं, सकाळी पावणेसातला गेटवर या. काही आलेच नाहीत. जे आले त्यांच्या मशीनसमोर मी मामांना, डिबरिंगच्या पोरांना आणि रात्रपाळी संपवून तेलकट हातांनी निघालेल्या ऑपरेटरांना उभं केलं. पंधरा मिनिटांत जे कळलं ते कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं. थंबच घ्यायचा असेल तर प्रत्येकाची किमान चार बोटं नोंदवा, आणि कमी वापराच्या हाताची अनामिका त्यात असू द्या. ती सहसा कमी झिजलेली असते.

चेहरा ओळखणाऱ्या मशीनला बोटांची अडचण नाही, पण त्याच्या वेगळ्या खोडी आहेत. आमचं गेट पूर्वेकडे. सकाळचं ऊन माणसाच्या पाठीमागून आलं की चेहरा काळा दिसतो आणि मशीन गोंधळतं. पावसाळ्यात रेनकोटची टोपी, धुळीचा मास्क, सेफ्टी गॉगल. एका स्वस्त मशीनसमोर मी मोबाइलवरचा माझाच फोटो धरला, तर त्याने माझी हजेरी लावून टाकली! ही परीक्षा प्रत्येकाने घ्यावी, अर्धा मिनिट लागतो. नुसतं कार्डही पाहिलं. ते झटपट चालतं, पण एकाच्या खिशातून पाच जणांची कार्डं निघू शकतात. मोबाइल ॲप मी लगेच बाजूला ठेवलं. कामाच्या मशीनवर फोन न्यायला आमच्याकडे बंदी आहे आणि पत्र्याच्या शेडमध्ये लोकेशन धड मिळत नाही. शिवाय कामगाराने स्वतःचा फोन, स्वतःचा डेटा हजेरीसाठी का खर्चावा?

खरी गफलत मशीनमध्ये कमी आणि मागच्या सॉफ्टवेअरमध्ये जास्त असते. आमची थर्ड शिफ्ट रात्री ११ ते सकाळी ७. माणूस १४ तारखेला १०.५० ला आत येतो, १५ ला ७.०५ ला बाहेर पडतो आणि त्याच रात्री १०.५० ला पुन्हा येतो. तारखेनुसार जोड्या लावणारं सॉफ्टवेअर १४ तारखेला एकच पंच बघून त्याला गैरहजर धरतं आणि १५ तारखेला सकाळी ७.०५ ते रात्री १०.५० असे पावणेसोळा तास दाखवतं. रिलिव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आला नाही म्हणून कोणी डबल (सलग दोन शिफ्ट) केली की आणखी गुंता. म्हणून डेमोला मी आमच्याच मागच्या महिन्याचे पंच दिले आणि म्हटलं, यातून पगार काढून दाखवा. तिथे बरेच जण अडकले. दुसरी अडचण गुरुवारची. भोसरीची साप्ताहिक सुटी गुरुवारी, वीज देखभालीसाठी बंद राहते तीही बहुधा गुरुवारीच. सॉफ्टवेअर मात्र रविवार सुटीचा धरून येतं. ते बदलता येतं का, आणि वीज गेल्यावर मशीनचं घड्याळ बॅटरीवर बरोबर चालतं का, हे दोन्ही विचाराच.

आता राउंडिंग, म्हणजे सुटी मिनिटं सोडून वेळ ठोक आकड्यात धरणं. पंधरा मिनिटांच्या आतली जादा वेळ शून्य धरायची, अशी सोय जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि विक्रेते ती मालकाचा फायदा म्हणून सांगतात. मला याचा राग येतो. दिवसाला आठ तास, आठवड्याला सहा दिवस धरले तर ४८ तास होतात आणि कायद्यातली आठवड्याची मर्यादाही ४८ तासांचीच आहे. म्हणजे त्यावर केलेलं काम ओटी (ओव्हरटाइम), आणि ओटीचा दर दुप्पट. एखादा ऑपरेटर रोज १२ मिनिटं थांबून शेवटचा जॉब पुरा करत असेल, तर २६ दिवसांत ३१२ मिनिटं, म्हणजे ५ तास १२ मिनिटं होतात. दुप्पट दराने ते १० तास २४ मिनिटांचे पैसे झाले. ही सोय चालू करणाऱ्या एका खुणेच्या चौकटीमुळे माणसाच्या सव्वा दिवसाहून जास्त पगार गायब होतो, तोही दर महिन्याला. साहेबांसमोर मी हाच हिशेब मांडला. ती चौकट आमच्याकडे रिकामी आहे. उशिराला दहा मिनिटांची सवलत मात्र ठेवली आहे, कारण नाशिक फाट्याचं ट्रॅफिक कोणाच्या हातात नसतं.

बाबा आकुर्डीच्या एका मोठ्या कारखान्यात होते. त्यांच्या वेळी गेटवर पंचिंगचं घड्याळ होतं. कार्ड खाचेत घातलं की टण्ण करून वेळ छापली जायची, उशीर झाला तर लाल शाईत. वेळ नोंदवणारं असं घड्याळ, कार्डाऐवजी किल्लीवर चालणारं, १८८८ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी विलर्ड बंडी नावाच्या जवाहिऱ्याने बनवलं, आणि त्याच्या भावाबरोबर काढलेली कंपनी पुढे विलीन होत होत आयबीएमच्या मुळांपैकी एक ठरली. मला बाबांच्या घड्याळातलं महत्त्वाचं वाटतं ते कार्ड. महिनाभराच्या वेळा एका जाड कागदावर, कामगाराला रोज डोळ्यांसमोर. बाबांना त्यांची ओटी तोंडपाठ असायची. थंब मशीन आलं आणि तो कागद गेला. वेळा सर्व्हरवर गेल्या आणि कामगाराच्या हाती पगाराच्या दिवशी फक्त शेवटचा आकडा उरला.

म्हणून माझी सर्वांत ठाम अट ही होती: पंच केल्यावर पडद्यावर नाव आणि वेळ दिसलीच पाहिजे, आणि आधीच्या दिवसाचे तास प्रत्येकाला एसएमएसने मराठीत किंवा हिंदीत गेले पाहिजेत. आमच्याकडे लातूर-नांदेडची मुलं आहेत तशी बिहारचीही आहेत. दुसरी अट, कच्चे पंच एक्सेलमध्ये कधीही काढता आले पाहिजेत, मशीनच्या कंपनीशी करार संपला तरी. तिसरी, मी एखादी वेळ हाताने दुरुस्त केली तर कोणी, कधी आणि का केली हे कायम दिसत राहावं. हा अधिकार माझ्याच हातात असतो, त्यामुळे त्यावर नजर हवीच.

आणि बोटांच्या, चेहऱ्यांच्या नोंदीचं काय? चांगली मशीनं ठशाचं चित्र न साठवता त्यापासून काढलेला सांकेतिक नमुना साठवतात, तरीही प्रश्न उरतो. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा आधार घेऊन मी एक साधी सूचना तयार केली: काय साठवतो, कुठे, कशासाठी, आणि नोकरी सोडल्यावर ते कधी पुसतो. ती दोन्ही भाषांत गेटवर लावली आहे. मशीनला 'आधार'शी जोडा असं एकाने सुचवलं, मी नकार दिला. हजेरीला त्याची काही गरज नाही.

शेवटी घेतलं ते चेहरा आणि कार्ड दोन्ही चालणारं मशीन. गेटच्या आतल्या भिंतीवर, उन्हाकडे पाठ करून बसवलंय, वर पत्रा टाकलाय. चेहरा ओळखला नाही तर कार्ड, आणि त्या वेळी कॅमेरा फोटो घेऊन ठेवतो. सर्वांत स्वस्त नव्हतं. मामा आता टोपी काढून एकदा बघतात आणि आत जातात. पहिल्या महिन्यात पाच-सहा जण एसएमएस घेऊन माझ्याकडे भांडायला आले. दोघांचं बरोबर निघालं, शिफ्ट बदललेली सॉफ्टवेअरमध्ये चढली नव्हती. पगाराआधीच दुरुस्त झालं.

पॅकिंगमधल्या कंत्राटी बायकांची हजेरी मात्र अजून कंत्राटदाराच्या वहीत आहे. त्या वहीत सगळ्या रोज बरोबर ९ ला येतात आणि बरोबर ५ ला जातात. मी त्यांना सहानंतर गेटबाहेर पडताना पाहिलंय. मशीनमध्ये जागा भरपूर आहे. साहेबांशी बोलणं झालंय, एक तारखेपासून त्यांचेही चेहरे नोंदवायचे आहेत. त्यानंतर कंत्राटदाराच्या बिलाला मशीनचा रिपोर्ट जोडलेला नसेल, तर ते बिल माझ्या टेबलावरून पुढे जाणार नाही.