नेपाळहून ऑस्ट्रेलियाला शिकायला जायचंय? आधी घरचे कागद काढा

नेपाळमध्ये प्लस टू, म्हणजे आपली बारावी, संपली की घरोघरी एकच विषय निघतो: कुठल्या देशात जायचं? एका आर्थिक वर्षात तिथले लाखाहून जास्त विद्यार्थी परदेशी शिक्षणासाठी सरकारकडून एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, घेतात. पण देश कुठला, हे सगळ्यात शेवटी ठरवावं असं माझं ठाम मत आहे. आधी हे बघायचं, की आई-वडिलांचं उत्पन्न कुठल्या कागदावर दिसतं आणि तो कागद तपासणीत टिकेल का.

ऑस्ट्रेलियाचा हिशेब मांडून बघू. मे २०२४ पासून एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या राहण्या-खाण्यासाठी २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात (पुढेही डॉलर म्हणजे ऑस्ट्रेलियनच). त्यात पहिल्या वर्षाची फी, समजा २५,००० डॉलर, आणि प्रवासाचे २,००० मिळवले की ५६,७१० होतात. डॉलरला ९० नेपाळी रुपये धरले तर ही रक्कम ५१ लाखांवर जाते. भारतीय १०० रुपयांना नेपाळी १६० हा दर ठरलेला आहे, त्यामुळे आपल्या पैशांत हे सुमारे ३२ लाख होतात. ऑस्ट्रेलियन विद्यार्थी व्हिसाची फी वेगळी. जुलै २०२५ पासून ती २,००० डॉलर आहे आणि व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही.

एवढी रोकड फार थोड्या घरांत असते. म्हणून जमीन धितो, म्हणजे तारण, ठेवून शैक्षणिक कर्ज काढतात. बँक जमिनीचं मूल्यांकन करून घेते आणि मग मालपोत, म्हणजे जमीन महसूल, कार्यालयात ती जमीन रोक्का होते, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत विकता येत नाही. कर्ज मंजूर झालं की अर्धं काम झालं असं घरच्यांना वाटतं. व्हिसा अधिकारी मात्र पुढचं विचारतो: हप्ते कशातून फेडणार? इथे लागतो वडा कार्यालयाचा, म्हणजे स्थानिक वॉर्ड ऑफिसचा, आय प्रमाणित कागद. आपल्याकडे तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढतात, तसाच. सगळ्यात जास्त अर्ज याच कागदावर अडखळतात असं मला वाटतं. दाखल्यात घरभाड्याचं उत्पन्न लिहिलेलं असतं, पण भाडेकरार नसतो आणि बहाल कर, म्हणजे घरभाड्यावरचा कर, भरल्याची पावतीही नसते. शेतीचं उत्पन्न दाखवलेलं असतं, पण माल विकल्याचे पैसे बँक खात्यात कधीच आलेले नसतात. अर्जाच्या आदल्या महिन्यात खात्यात अचानक मोठी रक्कम जमा झाली, तर ती आली कुठून याचाही पुरावा लागतो. त्यामुळे बहाल कर, कर चुक्ता (कर भरून झाल्याचा दाखला) आणि बँकेतले व्यवहार मुलगा अकरावीत असतानाच नीट लावायला घ्या. मागच्या तारखेचे कागद बनवून देणारा कोणी भेटला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. खोटा कागद सापडला की ऑस्ट्रेलियाचा व्हिसा ३ वर्षं मिळू शकत नाही आणि ओळखच खोटी निघाली तर १० वर्षं.

नावं आणि तारखाही आत्ताच जुळवून घ्या. नागरिकतेवर, म्हणजे नेपाळी नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर, जन्मतारीख विक्रम संवतात असते, पासपोर्टवर इसवी सनात. रूपांतर करताना एक दिवस जरी इकडेतिकडे झाला, किंवा वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन कागदांवर वेगळं पडलं, तरी वडा कार्यालयाकडून प्रमाणपत्र आणावं लागतं.

प्लस टूची परीक्षा साधारण वैशाखात होते आणि निकाल पावसाळ्यात लागतो. त्यामुळे जुलैचा प्रवेश हातचा जातो आणि फेब्रुवारीचाच खरा उरतो. मधे दसैं-तिहार, म्हणजे तिथले दसरा-दिवाळी, येतात. तेव्हा वडा, मालपोत, बँक सगळंच बंद किंवा संथ असतं. जमिनीचे कागद दसैंच्या आत हातात हवेत, आणि आयएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षासुद्धा तोवर झालेली बरी. व्हिसासाठी त्यात एकूण किमान ६ लागतात. कॉलेजं बऱ्याचदा प्रत्येक विभागाची वेगळी अट घालतात.

पुढची कामं एकात एक अडकलेली आहेत. आधी ऑफर लेटर, मग शिक्षण मंत्रालयाची एनओसी. एनओसीशिवाय बँक फीसाठी परकीय चलन देत नाही. फी पोचल्यावर कॉलेज सीओई, म्हणजे प्रवेशाची पक्की नोंद, देतं आणि तिच्या जोरावरच व्हिसाचा अर्ज करता येतो. एनओसी काढल्यावर देश किंवा कॉलेज बदललं तर ती पुन्हा काढावी लागते. म्हणून दोन कॉलेजांत मन अडकलं असेल तर फी भरायची घाई करू नका. व्हिसा नाकारला तर भरलेल्या फीतून कॉलेज ५ टक्के किंवा ५०० डॉलर, यातली जी रक्कम कमी असेल तेवढीच कापू शकतं. ही अट करारात शोधून वाचा.

प्रवेश आणि व्हिसाची कामं करून देणाऱ्या कन्सल्टन्सीला कमिशन कॉलेजकडून मिळतं. त्यात गैर काही नाही, पण त्यांच्या यादीत एखादं कॉलेज का आहे आणि दुसरं का नाही, हे त्यावरून कळतं. मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट त्यांच्याकडे ठेवून येऊ नका. व्हिसाच्या अर्जात जेन्युइन स्टुडंटचे, म्हणजे मुलगा खरंच शिकायला येतोय का हे पाहणारे, प्रश्न असतात, प्रत्येकाला १५० शब्दांची मर्यादा. ती उत्तरं मुलानं स्वतः लिहावीत. तोच मजकूर पन्नास अर्जांत फिरलेला असला तर अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. प्लस टूत मॅनेजमेंट घेतलेल्या मुलानं एकदम नर्सिंग किंवा कुकरी, म्हणजे स्वयंपाकाचा कोर्स, निवडली असेल, तर त्यामागचं कारण तिथे स्पष्ट लिहिलेलं हवं.

‘तिथे काम करून फी भरेन’ हे वाक्य फार ऐकू येतं. सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. जुलै २०२५ चं किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर होतं. त्या दरानं आठवड्याला कर कापण्याआधी सुमारे ६०० डॉलर हातात येतात, वर्षाचे ३१,०००. राहण्याचा सरकारी अंदाज २९,७१० आहे, म्हणजे पगार जेमतेम तिथेच संपतो, आणि पहिले काही आठवडे काम मिळतंच असं नाही. सुट्टीत तासांची मर्यादा नसते, तेव्हा थोडी भर पडते. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची फी बहुतेक कर्जातूनच जाणार, आणि बँकेशी बोलताना पूर्ण तीन वर्षांचा आकडा मांडायचा. पहिल्या वर्षापुरतंच कर्ज काढलं, तर दुसऱ्या वर्षी तारण द्यायला दुसरी जमीन आहे का, हे घरात विचारून घ्या.