तुम्ही विचारलंत म्हणून : नंबर देण्याआधी

प्रश्न नेहमी दोन तुकड्यांत येतो. पहिला मोठ्यानं : "तुम्ही जाता त्या बाईंचा नंबर द्या ना." दुसरा आवाज खाली आणून, आजूबाजूला कोणी नाही ना ते बघून : "तिथे नेमकं करतात काय हो?" मी थेरपीला, म्हणजे मनाच्या त्रासावर बोलून उपचार घ्यायला, जाते हे देवगडात मी लपवलेलं नाही, त्यामुळे विचारणारे पुष्कळ. लग्नाच्या मांडवात विचारतात, मासळी बाजारात बांगडे निवडताना विचारतात. अशा ठिकाणी उत्तर अर्धंच राहतं, म्हणून एकदा बसून लिहिते.

नंबर मी सहसा देत नाही, आणि त्यात कंजूषपणा काही नाही. चांगले थेरपिस्ट एकाच घरातल्या किंवा घट्ट मैत्रीतल्या दोघांना वेगवेगळं भेटणं शक्यतो टाळतात. का, ते उघड आहे. तुम्ही जावेबद्दल बोलायला जाल आणि जाऊ मंगळवारी त्याच खुर्चीत बसत असेल, तर त्या बाईंनी कोणाचं ऐकलेलं विसरायचं? आपल्याकडे तर आडनाव आणि वाडी सांगितली की तिसऱ्या वाक्याला नातं निघतं. म्हणून माझा पहिला निकष हा की तो माणूस तुम्हाला ओळखणारा नको. भावाचा वर्गमित्र नको, नवऱ्याच्या साहेबांची बायको तर नकोच. ओळखीतून डॉक्टर गाठायची आपली सवय इथे बाजूला ठेवायची.

थेरपिस्ट शोधण्याच्याही आधी शरीर तपासून घ्या. माझ्या छातीत धडधडायचं, सीझनमध्ये आंब्याच्या पेट्या भरताना हात थरथरायचे, झोपेचं तर नावच नको. ईसीजी झाला, थायरॉइड झालं, हिमोग्लोबिन झालं, सगळं ठीक निघालं. मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच विषय काढला. थायरॉइड बिघडलं तरी माणूस असाच घाबराघुबरा किंवा मरगळलेला होतो, आणि त्याला गोळी लागते, गप्पा नव्हे. उलट रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे त्रास खोटा, असंही नाही. आमच्या आत्याला मात्र तसंच वाटलं. "तुका काय कमी आसा गो? घोव बरो, पोरां शिकतत." थेरपीचं कळल्यावर तिचा पुढचा प्रश्न होता, "ती बाय तुका गोळये तरी देता?" नाही म्हटलं. "मगे पैशे कसले घेता?"

आत्याचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. कोण काय देतं हे माहीत नसल्यानं माणसं चुकीच्या दारात जातात आणि मग "काही उपयोग नाही" म्हणून परत येतात. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. निदान आणि औषधं त्यांच्याकडे. ओपीडीत रांग असते, त्यांच्याकडून तासभर गप्पांची अपेक्षा धरू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध लिहून देत नाहीत. ते चाचण्या घेतात, थेरपी करतात. बहुतेकांचं एम.ए.नंतर दोन वर्षांचं, रुग्णालयातल्या कामासह एम.फिल. झालेलं असतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असावी लागते. तो नोंदणी क्रमांक विचारायचा, तो ऑनलाइन पडताळता येतो. समुपदेशकांचं प्रकरण सगळ्यात गोंधळाचं. एम.ए. करून, अनुभवी माणसाच्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेले उत्तम समुपदेशक आहेत, आणि शनिवार-रविवारचा कोर्स करून पाटी लावणारेही आहेत. 2021 साली केंद्रानं संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला, त्यात समुपदेशकही येतात. तरी आज पाटीवरून पारख करता येते असं मला वाटत नाही. काय शिकलात, कुठे, आणि तुमच्या कामावर कोणी वरिष्ठ देखरेख करतात का, हे तिन्ही विचारा.

औषध आणि थेरपी यांचं वैर आहे असंही एक आपल्याकडे पसरलेलं आहे. नाही. नैराश्य खोल असेल, माणूस अंथरुणातून उठत नसेल, कानात आवाज ऐकू येत असतील, तर आधी मनोविकारतज्ज्ञ. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात आणि बरं वाटलं म्हणून त्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नसतात.

आता जायचं कुठे. "ह्येका रत्नागिरीक धाडा" हा विनोद आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेला, त्यामुळे रत्नागिरी म्हटलं की अजूनही लोक दचकतात. ठाणे, येरवडा आणि नागपूर यांच्याबरोबरचं हे राज्यातलं जुनं सरकारी मनोरुग्णालय. तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे, माणसं सकाळी जातात आणि संध्याकाळच्या एसटीनं घरी येतात. सिंधुदुर्गातली बरीच मंडळी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा गोव्याला बांबोळीच्या मनोरुग्णसंस्थेत जातात. थेरपीसाठी मात्र अनेकांना कोल्हापूर, पुणे, ठाणे गाठावं लागतं. ठाण्याच्या आय.पी.एच.नं (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) 1990 पासून मराठीत मनाच्या आरोग्याबद्दल बोलायची सवय लावली, तसं काम आपल्या किनाऱ्यावर अजून विरळ आहे.

म्हणून मी ऑनलाइन करते. घरात शक्य नाही. आमच्या घरात माडीवर कुजबुजलं तरी मागल्या पडवीत ऐकू येतं. मी गाडी काढून सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळमाळावर, जाते, तिथे रेंजही बरी असते आणि काचा बंद केल्या की मनसोक्त रडता येतं. जून-जुलैत पाऊस गाडीच्या टपावर वाजतो तेव्हा आम्ही व्हिडिओ बंद ठेवून नुसतं बोलतो. प्रत्यक्ष भेटीची सर येत नाही असं काही जण म्हणतात. माझा अनुभव असा की क्लिनिकबाहेरच्या बाकावर ओळखीचं कोणी भेटेल ही धास्ती गेल्यामुळेच मी टिकले. एक अट मात्र ठेवा, भाषेची. घरातलं भांडण मालवणीत झालेलं असतं, ते इंग्रजीत सांगायला लागलं की निम्मं गळतं. थेरपिस्टला मालवणी आली नाही तरी चालेल, कळली पाहिजे.

आता दुसरा, हळू आवाजातला प्रश्न. तिथे करतात काय?

गावात अडलं की आपण देवाकडे जातो. गाऱ्हाणं घातलं जातं, बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात, मग मूर्तीला पाकळ्या चिकटवून कौल लावतात. पाकळी उजवीकडून पडली की होकार, डावीकडून पडली की नकार. पहिल्यांदा थेरपीला जाणारा मनात नेमकं हेच घेऊन जातो. नोकरी सोडू का? वेगळं राहू का? मुलाला मुंबईला पाठवू का? गाऱ्हाणं तर घालून झालं, आता पाकळी पाडा. ती पडत नाही. माझी पहिली चिडचिड त्यावरच होती. पैसे मोजून जायचं आणि बाई मलाच विचारणार, "तुम्हाला काय वाटतं?"

पहिल्या एक-दोन भेटी बहुतेक विचारपूस असते. त्रास कधीपासून, झोप कशी, जेवण कसं, घरात कोण कोण, आधी कोणाला असं झालं होतं का, दारू किती, जीव द्यावा असं कधी मनात आलं का. शेवटच्या प्रश्नानं दचकू नका, तो सगळ्यांना विचारतात आणि विचारल्यानं तसे विचार डोक्यात शिरत नाहीत. मग दोघांनी मिळून ठरवायचं की कशासाठी यायचं. "बरं वाटायला हवं" एवढ्यावर आमच्या बाई थांबल्या नाहीत. बरं वाटलं तर तुम्ही काय करायला लागाल, असं विचारलं. मी म्हटलं, फोन वाजला की पोटात गोळा येणार नाही. तेच आमचं पहिलं काम ठरलं.

तो फोन वाशीच्या मार्केटमधून, आंबे विकणाऱ्या दलालाचा यायचा. वडील गेल्यावर आंब्याची बाग माझ्याकडे आली, आणि सीझनमध्ये मार्केटची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, कमी आली की मला वाटायचं, बाबांनी उभं केलेलं सगळं मी बुडवणार. मग रात्रभर हिशोब. बाईंनी धीर दिला नाही, "असा विचार करू नका" असंही म्हटलं नाही. विचारलं, तुमच्या शेजारच्या बागायतदाराला काय पट्टी आली? तेवढीच आली होती. तो काय करतो? दलालाला चार शिव्या घालतो आणि जेवून झोपतो. पट्टी दोघांची सारखी, मग माझ्या रात्री कशानं गेल्या? पट्टी आणि जागरण यांच्या मधोमध माझी एक समजूत बसली होती : एक वर्ष वाईट गेलं म्हणजे मी नालायक मुलगी. त्या समजुतीला आम्ही कागदावर उतरवलं आणि उलटतपासणी घेतली. बाबांच्या काळात वाईट वर्षं आली नव्हती? आली होती. ते नालायक होते? नव्हते. घरी करायचं काम म्हणून एक वही होती : फोन आला, काय वाटलं, मनात कुठलं वाक्य आलं, त्याला पुरावा काय. लिहायला हे अगदी सोपं दिसतं. करायला महिने लागले आणि मधल्या काळात मी बाईंवर रुसलेसुद्धा.

या पद्धतीला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती 1950 च्या दशकात मांडली आणि महाराष्ट्रात रुजवली ती मुख्यतः कि. मो. फडके यांनी. हीच एक पद्धत आहे असं मुळीच नाही. कोणी बालपणात खोल जातात, कोणी नवरा-बायकोला एकत्र बसवतात, लहान मुलांबरोबर खेळातून काम होतं. "तुम्ही कुठल्या पद्धतीनं काम करता आणि माझ्या बाबतीत तीच का?" असं विचारायला संकोच नको. साध्या मराठीत सांगता आलं पाहिजे.

सत्र पाऊण तास ते तासभर, सुरुवातीला साधारण आठवड्याला एकदा. वेळ संपली की संपली, तुम्ही रडण्याच्या मध्यावर असलात तरी ते आवरतं घेतात. हे निष्ठुर वाटतं, पण त्या ठरलेल्या चौकटीमुळेच मला मोकळं बोलता आलं. काही भेटींनंतर तुम्ही आधीपेक्षा जड होऊन बाहेर पडाल. झाकलेलं उघडल्यावर तसं होतं. पण आठवड्यामागून आठवडे फक्त जडच वाटत असेल तर तेही बोलून दाखवायचं. त्यावर तो माणूस काय करतो, ऐकतो की तुम्हालाच दोष देतो, यावरून जितकं कळतं तितकं डिग्रीवरून कळत नाही. आपल्याला समजून घेतलं जातंय, आपण एका कामावर एकत्र आहोत असं वाटणं हा गुण येण्यातला मोठा भाग आहे, असं या क्षेत्रातलं संशोधनही वारंवार सांगतं. चार-सहा भेटींत तसं काहीच वाटलं नाही तर बदला. त्यांना सांगून बदला, चांगले लोक दुसरं नाव स्वतःहून सुचवतात.

लगेच उठून यायचं कधी? "तीन महिन्यांत गॅरंटी" म्हणाले तर. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करा म्हणाले तर. पत्रिका मागितली, खडे विकायला काढले, अंगाला हात लावला, रात्री-अपरात्री खासगी मेसेज सुरू केले तर. आणि आपल्याकडची खास परीक्षा : "कुडाळच्या एक बाई येतात ना, त्यांच्या सुनेचं..." असं बोलले तर. तुमचं कुडाळात सांगितलं जाणार हे पक्कं. गुप्तता हा तुमचा हक्क आहे, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात तो लिहिलेला आहे. अपवाद थोडे : तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर गप्प बसता येत नाही. हे अपवाद पहिल्याच भेटीत सांगायला हवेत.

एक गोष्ट थेरपिस्ट शोधत बसण्याची नाही. घरातलं कोणी जीव नको म्हणत असेल तर योग्य माणूस मिळेपर्यंत थांबू नका. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. 2022 पासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीतून. जीव द्यायचा प्रयत्न केला असेल तर सरळ रुग्णालय, त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. पोलीस केसच्या भीतीनं आपल्याकडे हे लपवतात. वर म्हटलेल्या 2017 च्या कायद्यानं अशा माणसावर तीव्र ताण होता असंच धरून चालायचं आहे, आणि त्याला सांभाळणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे.

पैशांचं थोडक्यात. फी आधी विचारा, भेट रद्द केली तर किती कापतात तेही. न परवडल्यास कमी फीत घ्याल का असं विचारणं भीक नव्हे, बरेच जण काही जागा त्यासाठी ठेवतात. आत्याला मी शेवटी हेच सांगितलं की पैसे त्या बाईंच्या वेळेचे आणि शिक्षणाचे. आत्याला पटलं नाही. पण परवा तिनंच विचारलं, झोप येत नाही म्हणून असं फोनवर बोलता येतं का. तिलाही मी नंबर दिला नाही. दोन दुसरी नावं दिली आणि काय विचारायचं ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं : शिक्षण काय, नोंदणी आहे का, माझ्यासारख्या वयाच्या माणसांबरोबर काम केलंय का, मालवणी कळते का, फी किती. पहिल्या नंबरावरचा माणूस शिक्षण विचारल्यावर चिडला. तिनं फोन ठेवला आणि दुसरा लावला.