उसाच्या बिलावरचे आणि कर्जाच्या कागदावरचे फसवे इंग्रजी शब्द

कराड, वाळवा, पलूस, कोरेगाव, कुठल्याही गावात उसाचं बिल किंवा कर्जाचा कागद हातात घ्या, त्यावर देवनागरीत छापलेले इंग्रजी शब्द असतातच. रोजच्या बोलण्यातले असल्यामुळे ते कळले असं वाटतं. घोटाळा तिथेच होतो, आणि तो पैशांचा होतो.

आधी एफआरपी आणि एमएसपी. एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, उसाची. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली केंद्र सरकार ती ठरवतं आणि तेवढी रक्कम देणं कारखान्यावर बंधनकारक असतं. 2009 पर्यंत तिच्या जागी एसएमपी, म्हणजे वैधानिक किमान दर, होती, म्हणून जुन्या माणसांच्या तोंडी अजून तो शब्द येतो. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या विलंबावर वर्षाला 15 टक्के दराने व्याज लागतं. एमएसपी, मिनिमम सपोर्ट प्राइस, म्हणजे हमीभाव. तो सोयाबीन, तूर, हरभरा यांसारख्या पिकांचा. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. सरकारी खरेदी केंद्रावर माल त्या दराने घेतात, पण आधी नोंदणी हवी आणि ओलावा एरवी 12 टक्क्यांच्या आत हवा. माल नीट न वाळवता नेला की तो तिथूनच परत येतो. हळदीला हमीभाव नाही. सांगलीच्या सौद्यात निघतो तो बाजारभाव.

आणखी एक गुंता आहे. ‘साखरेची एमएसपी वाढवा’ ही मागणी पेपरात येते, तेव्हा त्यातला एस सपोर्टचा नसून सेलिंगचा असतो. कारखान्याने साखर ज्या दराखाली विकायची नाही, तो हा दर. 2018 मध्ये तो किलोला 29 रुपये ठरला, फेब्रुवारी 2019 मध्ये 31 झाला. हा दर वाढला म्हणून त्या हंगामाची एफआरपी आपोआप वाढत नाही.

आता रिकव्हरी आणि यील्ड. आपण दोन्हींना ‘उतारा’च म्हणतो, त्यामुळे गोंधळ दुप्पट. यील्ड म्हणजे एकरी किती टन ऊस निघाला ते. रिकव्हरी म्हणजे गाळलेल्या उसाच्या वजनात साखर किती टक्के निघाली ते. एकरी 60 टन काढणाऱ्या माणसाची रिकव्हरी चांगली असेलच असं नाही, आणि दर ठरवताना धरतात ती संपूर्ण कारखान्याची सरासरी रिकव्हरी, एकट्याच्या फडाची नव्हे. बँकेत गेल्यावर मात्र रिकव्हरी म्हणजे वसुली.

सगळ्यात महाग पडणारी चूक टक्क्याची आहे. 2025-26 ची एफआरपी 10.25 टक्के रिकव्हरीला टनामागे 3,550 रुपये आहे. त्यापुढे रिकव्हरी दर 0.1 ने वाढली की 34.60 रुपये वाढतात. खाली आली की तेवढेच कमी होतात. 9.5 च्या खाली मात्र कपात थांबते आणि 3,290.50 रुपये मिळतात. समजा, कोणी म्हणालं ‘रिकव्हरी एक टक्क्याने वाढली’. ती 10.25 वरून 11.25 झाली असेल, तर वाढ एक पर्सेंटेज पॉइंटची, म्हणजे टनाला 346 रुपये. पण खरोखर 10.25 चा एक टक्का काढला, तर वाढ जेमतेम 0.1 ची होते, म्हणजे सुमारे 35 रुपये. म्हणून किती वाढली हे न विचारता कितीवरून किती झाली, हे विचारावं.

ही सगळी रक्कम ग्रॉस आहे. तोडणी-वाहतूक वजा जाता उरते ती नेट. एका कारखान्याची ग्रॉस आणि शेजारच्याची नेट समोरासमोर ठेवून वाद घालणं व्यर्थ आहे. काट्यावरही हेच शब्द येतात: भरल्या गाडीचं वजन ग्रॉस, रिकाम्या गाडीचं टेअर, वजाबाकी नेट. टेअर त्याच खेपेला, त्याच काट्यावर घेतलेलं असावं. भरलेली गाडी ड्रायव्हर उतरल्यावर मोजली आणि रिकामी तो बसलेला असताना, तर त्याचं वजन तुमच्या उसातून जातं.

कर्जाकडे वळू. मोरॅटोरियम म्हणजे हप्ते पुढे ढकलणं. एरवी त्या काळातही व्याज चालूच राहतं आणि मुदतीनंतर आकडा फुगलेला दिसतो. वेव्हर म्हणजे माफी. राइट-ऑफ ही माफी नव्हे. बँक तो आकडा आपल्या ताळेबंदातून काढते, कर्जदाराचं देणं तसंच राहतं आणि वसुलीची नोटीस येऊ शकते. पेपरातला ‘राइट-ऑफ’ वाचून हप्ता थांबवू नका, ही कळकळीची विनंती.

तारणाचे शब्द तीन. तासगावच्या कोल्ड स्टोरेजमधल्या बेदाण्यावर कर्ज काढलं तर ते प्लेज: माल सावकाराच्या किंवा त्याच्या वतीने गोदामाच्या ताब्यात राहतो, आणि कर्ज फिटल्याशिवाय परस्पर विकता येत नाही. ट्रॅक्टरवरचं हायपोथिकेशन: ट्रॅक्टर तुमच्याच दारात, पण आरसीवर बँकेचं नाव. जमिनीवरचं मॉर्टगेज, ज्याचा बोजा सातबाऱ्यावर इतर हक्कांत चढतो. कर्ज फिटलं की ही नोंद आपोआप जाईल असं समजू नका. ट्रॅक्टरसाठी बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि तुमच्या व बँकेच्या सह्यांचा फॉर्म 35 दोन प्रतींत आरटीओकडे द्यावा लागतो. जमिनीसाठी बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, घेऊन तलाठ्याकडे अर्ज करून बोजा कमी करून घ्यावा लागतो. हे राहून गेलं, तर विक्रीच्या किंवा वाटणीच्या वेळी फिटलेल्या कर्जाचा बोजा आडवा येतो, आणि तोवर बँकेची ती शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झालेली असली तर जुना दाखला काढायला हेलपाटे घालावे लागतात.